आभाळ बघून पाणी निवडा: स्कॉटलंडच्या उन्हाळ्यात फ्लाय फिशिंगची सुरुवात

स्कॉटलंडमध्ये नव्याने फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून मासेमारी, करू पाहणारा माणूस आदल्या रात्री हवामानाचा अंदाज उघडतो. सकाळी ऊन, अकराला सर, दुपारी वारा, चारनंतर पुन्हा ऊन, असं काहीतरी दिसतं आणि तो बेत रद्द करतो. मीही पहिल्या उन्हाळ्यात असे कितीतरी शनिवार घरी बसून घालवले. कोकणात खाडीवर गरी टाकून वाढल्यामुळे भरती-ओहोटी मला कळत होती, पण इथल्या आभाळाचं काय करायचं ते कळत नव्हतं. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ इथे मे ते सप्टेंबर चालतो, हे एकदा अंगवळणी पडलं आणि मग प्रश्न बदलला. जायचं तर असतंच. आज नदीवर जायचं की लॉखवर, आणि किती वाजता, एवढंच आभाळ बघून ठरवायचं.

लॉख म्हणजे इथलं तळं किंवा सरोवर. उच्चार शेवटी घशातून, खरखरीत. मराठी माणसाला तो इंग्रजांपेक्षा सोपा जातो.

आधी परवानगी

इंग्लंडमध्ये लागतं तसं सरकारी रॉड लायसन्स स्कॉटलंडमध्ये नाही. अपवाद फक्त सीमेवरच्या बॉर्डर एस्क नदीचा. यावरून पुष्कळांचा समज होतो की इथे कुठेही रॉड घेऊन उभं राहावं. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने डोंगर-रानातून, नदीकाठाने फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला हे खरं, पण त्या हक्कात मासेमारी येत नाही. प्रत्येक पाण्यावर मासे धरण्याचा हक्क कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि त्याची परवानगी लागते. सॅमन आणि सी ट्राउट (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) लेखी परवानगीविना धरणं हा सरळ गुन्हा आहे. काही नद्यांवर संरक्षण आदेश लागू आहेत, तिथे साध्या ब्राउन ट्राउटसाठी विनापरवाना रॉड टाकणं हाही गुन्हाच.

परवानगी मिळवणं मात्र अवघड नाही. गावातलं मासेमारीच्या सामानाचं दुकान, एखादं हॉटेल, कधी पोस्ट ऑफिस, नाहीतर स्थानिक अँगलिंग क्लबचं संकेतस्थळ. क्लबच्या पाण्यावर ट्राउटचं दिवसाचं परमिट साधारण १० ते ३० पौंडांत मिळतं. शक्यतो दुकानातून घ्या. परमिट फाडून देणाऱ्या माणसाला 'सध्या कुठली फ्लाय चालतेय?' एवढं विचारलं, की तो हमखास दोन-चार फ्लाय काढून समोर ठेवतो. त्या विकत घ्या. त्या पाण्याची त्याच्याइतकी माहिती कुठेच लिहिलेली नसते.

ब्राउन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. सॅमनच्या तारखा नदीगणिक वेगळ्या. रविवारी सॅमन आणि सी ट्राउटची मासेमारी कायद्याने बंद असते. ट्राउटला ती बंदी नाही, तरी लुईस-हॅरिससारख्या बेटांवर रविवार पाळला जातो. तिथे त्या दिवशी रॉड गाडीतच राहू द्यावा.

सॅमनचं वेड इथल्या हवेतच आहे. १९२२ साली टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ६४ पौंडांचा सॅमन काढला, आणि ब्रिटनमधला रॉडने धरलेल्या सॅमनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तरीही नवशिक्याने सुरुवात ट्राउटपासून करावी, असं मी आग्रहाने सांगेन. समुद्रातून नदीत परतलेला सॅमन खाणं सोडून देतो, त्यामुळे त्याने फ्लाय का घेतली आणि का नाही घेतली हे मुरलेल्यांनाही सांगता येत नाही. चांगल्या बीटचा, म्हणजे नदीच्या भाड्याने मिळणाऱ्या टापूचा, दिवसाचा खर्च शेकडो पौंडांत जातो. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. ट्राउट दिवसभर खात असतो आणि तुमची चूक तुम्हाला लगेच दाखवतो. शिकायला तोच बरा.

सामान थोडंच घ्या

एकच रॉड घ्यायचा असेल तर साडेनऊ फुटी, सहा नंबरच्या लाइनचा (नंबर म्हणजे लाइनचं वजन). नदीवर तो किंचित जड वाटेल, लॉखवर किंचित हलका, पण दोन्हीकडे निभावतो. त्याला जुळणारी सहा नंबरचीच तरंगती लाइन, साधं रील, नऊ फुटी निमुळता लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा, आणि त्याच्या टोकाला फ्लाय बांधायला चार-पाच पौंडी टिपेटचं, म्हणजे आणखी बारीक दोऱ्याचं, एक रीळ. रबरी जाळीचं हातजाळं. टोपी आणि पोलरॉइड चष्मा. चष्मा शोभेसाठी नाही. पाण्यावरची चकाकी त्याने कापली जाते, आणि वाऱ्याने उलटी आलेली फ्लाय डोळ्यात घुसत नाही. चष्मा नसेल तर त्या दिवशी रॉड जोडू नका.

फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, लोकर आणि धागा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. दुकानात शेकडो दिसतील. नदीसाठी ग्रीनवेल्स ग्लोरी, पार्ट्रिज अँड ऑरेंज, काळी स्पायडर (मऊ पिसाची, बुडणारी) आणि एखादी वजनदार निंफ (पाण्यातल्या अळीसारखी). लॉखसाठी केट मॅक्लॅरन, ब्लॅक पेनेल, सोल्जर पामर आणि बिबिओ. प्रत्येकी दोन-तीन घ्या, बारा आणि चौदा नंबरच्या हुकाच्या, नदीसाठी काही सोळाच्याही. ग्रीनवेल्स ग्लोरी १८५४ मध्ये ट्वीड नदीकाठच्या स्प्राउस्टन गावात जेम्स राइट या कारागिराने ग्रीनवेल नावाच्या पाद्र्यासाठी बांधली. पावणेदोनशे वर्षं होत आली, त्याच नदीवर तिला अजून ट्राउट लागतो.

हुकाचा काटा, म्हणजे टोकामागचं ते उलटं दातं, चिमट्याने दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं, आणि तुमच्या बोटातून हुक काढायलाही.

फेक: वजन लाइनीला असतं

आपल्याकडे गळ फेकतो तेव्हा शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथे उलट आहे. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. जाड लाइन हवेत उलगडते आणि फ्लायला नेऊन ठेवते. त्यामुळे जोर लावला की बिघडतं. गरीच्या सवयीने मी पहिले दोन महिने खांद्यातून झटके देत होतो, आणि लाइन पायाशी गुंतून पडत होती.

सराव गवतावर करा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. घड्याळ डोळ्यांसमोर आणा. रॉड पुढे दहावर. तिथून हळू सुरुवात करून वेग वाढवत मागे न्या आणि एकवर एकदम थांबवा. आता थांबा. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत हात हलवायचा नाही. ही थांबण्याची जागा जमली की निम्मं शिक्षण झालं. मान वळवून मागे बघा, लाज वाटू देऊ नका. लाइन सरळ झाली की पुढे आणा आणि दहावर थांबवा. दहा मीटर नीट पडले तरी ट्राउट मिळतात; वीस मीटरच्या मागे लागू नका.

पाठीमागे झाडं असतील तिथे रोल कास्ट लागतो. लाइन पाण्यावरून सावकाश ओढत रॉड कानाजवळ आणायचा, खांद्यामागे लाइनची कमान लोंबली की पुढे झटकायचं. हे गवतावर जमत नाही, लाइनला धरून ठेवायला पाणी हवं.

वाऱ्याचा एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. उजव्या हाताने फेकत असाल तर वारा डावीकडून यायला हवा. उजवीकडून आला तर तो लाइन थेट तुमच्या डोक्यावर आणतो.

सकाळी आभाळ आणि पाणी दोन्ही बघा

हवामान खात्याचा तासातासाचा अंदाज आणि त्याच्या शेजारी नदीची पातळी, या दोन गोष्टी चहाच्या कपाबरोबर बघायची सवय लावून घ्या. पातळी स्कॉटिश पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे सेपा, तिच्या संकेतस्थळावर नदीगणिक देते. आकड्यापेक्षा आलेख बघा: रेघ चढते आहे, उतरते आहे की आडवी पडली आहे.

मऊ ढगाळ हवा, नैर्ऋत्येचा हलका वारा, अधूनमधून भुरभुर. ही इथली सोन्यासारखी हवा. नदी आणि लॉख दोन्ही चालतील. सुट्टी टाकायची असेल तर अशा दिवशी टाका.

रात्रभर पाऊस पडला आणि रेघ चढते आहे, तर नदीचा नाद सोडा. गढूळ पाण्यात पानं, काटक्या, गवत वाहत येतं, माशाला फ्लाय दिसत नाही आणि तुमचा पाय कधी सुटेल सांगता येत नाही. त्या दिवशी लॉखवर जा. एवढ्या पावसाने त्याला फारसा फरक पडत नाही. मग रेघ उतरायला लागली आणि पाणी मातकटाचं कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं, की नदीवर धाव घ्या. तो चहाचा रंग घाण नव्हे, डोंगरावरच्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, आहे. पुरानंतर पाणी ओसरून नितळू लागतं ते काही तास नदीवर अख्ख्या आठवड्यातले सर्वांत चांगले. पश्चिम किनाऱ्यावरच्या आखूड नद्या पावसाने काही तासांत फुगतात आणि तितक्याच लवकर ओसरतात, तिथे उशीर करून चालत नाही. टे किंवा ट्वीडसारख्या मोठ्या नदीला दिवस लागतात.

लख्ख ऊन आणि वारा नाही, असा दिवस पर्यटकांना आवडतो. आपल्याला तो नको. लॉख आरशासारखं होतं आणि मासा तुमची सावली लांबूनच टिपतो. दुपारी झोप काढा आणि संध्याकाळी नदीवर जा. उत्तरेचा किंवा पूर्वेचा गार वारा असेल तर मासा तळाशी बसतो. मग फ्लायही खाली, बुडणारी.

उन्हाची ओढ आठवडाभर लांबली तर खिशात थर्मामीटर ठेवा. ट्राउट आणि सॅमन थंड पाण्याचे जीव आहेत. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि लढून दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. १९-२० अंश दिसले की रॉड गुंडाळायचा, मग परमिटचे पैसे वाया गेले तरी चालतील. २०१८ च्या उन्हाळ्यात इथल्या कित्येक नद्यांचं पाणी २३ अंशांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत काठावर मेलेले मासे बघितले आहेत. तेव्हापासून थर्मामीटर घरी विसरलो तर मी परत येऊन घेऊन जातो.

आणि गडगडलं की ताबडतोब रॉड खाली ठेवा आणि त्याच्यापासून लांब जा. कार्बन फायबरमधून वीज सहज वाहते. विजेच्या तारांखालीही रॉड उभा धरू नका.

नदीवर

पोचल्यावर पाच मिनिटं काहीच करू नका, बघा. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेघेवर मासा असतो, कारण अन्न वेगाच्या पाण्यातून येतं आणि आराम संथ पाण्यात मिळतो. मोठ्या दगडापुढची उशी, दगडामागचा आडोसा, झाडाच्या फांद्यांखालची सावली, डोहाचं तोंड. पाण्यावर वर्तुळं उठत असतील तर मासा पृष्ठभागावर खातो आहे. मग तरंगणारी, म्हणजे ड्राय फ्लाय लावा, माशाच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने फेका आणि ती पाण्याबरोबर आपसूक वाहू द्या. लाइनने ती जराही ओढली गेली तर मासा तोंड फिरवतो.

वर्तुळं नसतील तर दोन स्पायडर बांधा, प्रवाहाला आडव्या, जरा खालच्या अंगाला फेका, आणि लाइन ताणून कमानीसारखी आपल्या काठाकडे येऊ द्या. झटका जाणवला की रॉड फक्त उचला. एक पाऊल खाली सरका, पुन्हा फेका. नवशिक्याला पहिला ट्राउट बहुतेक वेळा असाच मिळतो.

पाण्यात उतरायचंच असेल तर वेडर्सचा, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीचा, कमरपट्टा घट्ट आवळा, हातात काठी घ्या, प्रवाहाला कूस देऊन उभे राहा आणि पाय उचलण्याऐवजी घसटत सरका. उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. दगड बुडाला तर नदी चढते आहे, बाहेर या. वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही. टमेलसारख्या धरणांच्या नद्यांवर तर ऊन पडलेलं असतानाही पाणी सोडलं की पातळी वाढते. वाहून गेलातच तर पाठीवर, पाय पुढे करून, तिरकं काठाकडे जा.

लॉखवर

मला स्वतःला लॉख जास्त प्रिय आहे. वारा इथे मित्र असतो. पाण्यावर तरंग उठले की माशाची भीड चेपते, आणि वारा झाडाझुडपांतले किडे पाण्यावर आणून टाकतो.

डोंगरातल्या छोट्या लॉखवर नवशिका एकच चूक पुन्हा पुन्हा करतो: आल्या आल्या कमरेपर्यंत पाण्यात शिरतो आणि लांब फेकतो. मासे तर काठाला, गुडघाभर पाण्यात खात असतात. तुम्ही उभे आहात तिथूनच ते पळाले. काठापासून दोन पावलं मागे उभे राहा, पहिली फेक काठालगत तिरकी टाका, मग पंख्यासारखी एकेक फेक पुढे सरकवा. तीन-चार फेकींत काही नाही, तर दहा पावलं पुढे चला. दिवसभरात लॉखला अर्धी प्रदक्षिणा झाली पाहिजे. ओढा येऊन मिळतो ती जागा, पाण्यात शिरलेलं जमिनीचं टोक आणि वारा ज्या काठावर आपटतो तो काठ, इथे जास्त वेळ द्या. ट्राउट बहुतेक पाव ते अर्ध्या पौंडाचे असतील, पण रंग असा की सोडवत नाही. केथनेसचं लॉख वॉटन, ऑर्कनीचं लॉख ऑफ हॅरे किंवा डरनेसची चुनखडीवरची लॉख इथे मासा मोठा होतो, पण चतुरही असतो. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जा.

होडीतून करायचं असेल तर पहिल्यांदा गिली घ्या. गिली म्हणजे पाण्याचा जाणकार सोबती, होडीही तोच वल्हवतो. होडी वाऱ्याला आडवी सोडून वाहू देतात, मागे कापडी ड्रोग टाकून वेग कमी ठेवतात, आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे आखूड फेक करतात. लीडरवर तीन फ्लाय असतात. लाइन ओढत आणली की शेवटी रॉड उंच करून सर्वांत वरची फ्लाय लाटांवर नाचवायची. इथे घाई करू नका: मासा पुष्कळदा होडीपाशी, अगदी शेवटच्या क्षणी घेतो. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगावर, आणि होडीत उभं राहायचं नाही. लाटांना पांढरे फेस दिसू लागले तर काठ गाठा.

किनरॉसचं लॉख लेव्हन या प्रकाराची जुनी शाळा. तिथल्या ट्राउटची अंडी एकोणिसाव्या शतकापासून जगभर गेली. काश्मीरमध्ये आज जो ब्राउन ट्राउट मिळतो त्याचेही पूर्वज १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहूनच आले. पहलगामला लिद्दर नदीवर तुम्ही ट्राउट पाहिला असेल तर त्याचं माहेर इकडे आहे. उन्हाळ्यात अशा उथळ लॉखवर कधी हिरवा शेवाळी तवंग येतो. तो विषारी असू शकतो, तिथे हात धुऊ नका आणि कुत्र्याला पाण्यात सोडू नका.

संध्याकाळ, आणि मिज

जून अखेरीस इन्व्हर्नेसला सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि त्यानंतरही कितीतरी वेळ संधिप्रकाश रेंगाळतो. वारा पडतो, सेज नावाचे पतंगासारखे किडे पाण्यावर येतात आणि दिवसभर मेल्यासारखी वाटणारी नदी वर्तुळांनी भरून जाते. तपकिरी सेजची एखादी ड्राय फ्लाय लावा आणि अंधार पडेपर्यंत थांबा.

नेमक्या त्याच वेळी मिज येतात. चिलटाहून बारीक, पण हजारोंनी, आणि चावा असा की माणूस रॉड टाकून पळतो. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असेल तर त्यांना उडता येत नाही, म्हणून मोकळ्या टोकावर उभे राहा. डोक्यावरून घेण्याची जाळी खिशात हवीच, ती दोन-चार पौंडांत मिळते. अंगाला लावायच्या औषधात डीट असेल तर हात पुसूनच लाइन धरा, डीटने तिचं प्लास्टिक खराब होतं.

मासा हाताशी आला की

आधी हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवा, हुक उलटा सरकवून काढा, फोटो हवा असेल तर दुसऱ्याला तयार ठेवा आणि दोन-तीन सेकंदच वर उचला. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा. तो स्वतःहून शेपूट मारून जाईल तेव्हाच हात काढा. सॅमन चुकून लागला तर तोही असाच सोडायचा. पुष्कळ नद्यांवर सॅमन सोडणं कायद्याने बंधनकारक आहे.

डोंगरातल्या लॉखमधले एक-दोन ट्राउट, परमिटच्या नियमात बसत असतील तर, खुशाल खायला न्या. इथले लोक ते जाडसर ओटमीलमध्ये घोळवून तळतात. आमच्या घरी हळद, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून मग ओटमील. रव्याइतकंच कुरकुरीत होतं.

घरी आल्यावर वेडर्स, बूट आणि जाळं धुऊन पूर्ण वाळवा, दुसऱ्या नदीवर जाण्याआधी तर नक्कीच. परदेशात वापरलेलं सामान घेऊन येत असाल तर ते निर्जंतुक केल्याशिवाय इथल्या पाण्याला लावू नका: नॉर्वेच्या नद्यांत सॅमनचा घात करणारा गायरोडॅक्टिलस हा परजीवी अशाच ओल्या सामानातून पसरू शकतो. मग आंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, काखेत, कमरेभोवती गोचीड आहे का ते बघा, असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा गोल लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना लाइम रोगाचं नाव घेऊनच विचारा.